तयार चंदीची गोणी: घ्यावी का, आणि घेतली तर किती द्यावी

हरभरा भिजवा, जव भरडून आणा, कोंडा चाळा, ही रोजची यातायात वाचते म्हणून बरेच घोडेवाले, तबेले आणि रायडिंग स्कूल तयार पेलेटकडे, म्हणजे दाणा-कोंडा दळून दाबलेल्या गोळ्यांकडे, वळले आहेत. हा आढावा एखाद्या कंपनीचा नाही. बाजारात घोड्यांसाठी ज्या प्रकारच्या गोण्या मिळतात त्यांचा आहे, आणि त्यांच्यासमोर आपल्या जुन्या चंदीचाही, म्हणजे घोड्याला घरी तयार करून देतात त्या दाण्याचाही. निकाल आधीच सांगून टाकतो. १२ टक्के प्रथिनांची साधी पेलेट कामाच्या घोड्याला चांगली आहे. मात्र गोणीवर छापलेलं माप आपल्याकडच्या बहुतेक घोड्यांना लागू होत नाही. आणि ज्याच्या गव्हाणीत धड वैरण नाही, त्याने गोणीवर पैसे घालूच नयेत.

आधी माप. गोणीवरचा तक्ता बहुधा ५०० किलोचा घोडा धरून केलेला असतो, म्हणजे रेसकोर्सवरचा थरोब्रेड. माथेरान-महाबळेश्वरला पाठीवर माणसं नेणारा घोडा पुष्कळदा ३०० च्या आगेमागे भरतो. त्याला तक्त्याप्रमाणे ‘मध्यम काम, रोज ४ किलो’ घातलं तर पहिल्या महिन्यात घोडा तकतकीत दिसतो आणि पुढे टापा धरतो, म्हणजे खुरं दुखून लंगडतो. वजनकाटा नसला तरी टेप सगळ्यांकडे असतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे, छातीभोवतीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (मागच्या कुल्ल्याच्या) टोकापर्यंतची लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि त्याला ११,८८० ने भागा. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर उत्तर ३२३ किलो येतं. नेमकं नसलं तरी डोळ्याच्या अंदाजापेक्षा पुष्कळ बरं. हेच माप महिन्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच माणसाने घेतलं की घोडा सुटतोय की उतरतोय हे बरगड्या दिसण्याच्या आत कळतं.

आता एका वेळेला किती. घोड्याचं जठर लहान असतं, ८ ते १५ लिटरचं, आणि त्याला उलटी करता येत नाही. दाण्यातलं पिष्ट (स्टार्च) लहान आतड्यात पचलं तर ठीक. एका दमात जास्त गेलं तर उरलेलं पुढे मोठ्या आतड्यात सांडतं. तिथले जंतू चारा कुजवून पचवणारे असतात. पिष्ट मिळालं की त्याचं आम्ल होतं, चारा पचवणारे जंतू मरतात, आणि मग पोटशूळ किंवा लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतला दाह. सुरक्षित हद्द म्हणून वजनाच्या दर किलोमागे एका वेळी १ ग्रॅम पिष्ट धरतात. ३२० किलोच्या घोड्याला म्हणजे ३२० ग्रॅम. पेलेटमध्ये पिष्ट ४० टक्के असेल तर एका वेळेला ८०० ग्रॅम झाली की थांबायचं. दिवसाला २ किलो द्यायची असेल तर ती तीन वेळांत विभागावी लागते. सकाळ-संध्याकाळ एकेक किलो हा शॉर्टकट सगळीकडे चालतो, आणि तोच नडतो.

इथे गोण्यांबद्दलची पहिली तक्रार. जो आकडा सर्वांत महत्त्वाचा, तो पिष्टाचा, बहुतेक लेबलांवर नसतो. प्रथिनं, तंतू, स्निग्धांश, राख (म्हणजे खनिजांचा भाग) आणि ओलावा एवढंच असतं. त्यावरून वरची मर्यादा काढता येते: या पाचांची बेरीज १०० मधून वजा करा. ओलावा ११, प्रथिनं १२, स्निग्धांश ३, तंतू १०, राख ८ असेल तर बेरीज ४४ आणि उरले ५६. या ५६ मध्ये पिष्ट, साखर आणि थोडे सहज पचणारे तंतू असतात, म्हणजे पिष्ट त्याहून काहीसं कमीच. पण लेबलावर तंतू ६ आणि उरलेला आकडा ६५ च्या वर दिसला, तर ती गोणी मक्यावर किंवा तांदळाच्या कणीवर उभी आहे असं समजा. निवांत उभ्या असणाऱ्या घोड्यासाठी ती घेऊ नका. तंतू १२ ते १५ असलेली गोणी थोडी महाग पडली तरी परवडते.

डबा आणि वजन यांतही गफलत होते. एक लिटरच्या डब्यात कोंडा जेमतेम पाव किलो मावतो, ओट अर्ध्या किलोच्या आत, जव सहाशे ग्रॅमच्या पुढे, पेलेट साडेसहाशेच्या आसपास आणि हरभरा पाऊण किलो. मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, वर्षानुवर्षं ‘दोन डबे’ घालतो, डबा तोच राहतो, आत ओटच्या जागी पेलेट येते आणि चंदी दीडपट होते. नवी गोणी आली की तिचा एक डबा भरून काट्यावर ठेवावा आणि डब्याच्या आत मार्करने रेघ मारावी. गोणी बदलली की रेघ पुन्हा.

दुकानात विचारायचा सगळ्यांत मोठा प्रश्न मात्र भावाचा नाही: ही गोणी ज्या मिलमध्ये बनते तिथे त्याच यंत्रावर कोंबडीखाद्य बनतं का? कोंबड्यांना कॉक्सिडिओसिस (आतड्याचा परजीवी रोग) होऊ नये म्हणून खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन असली औषधं घालतात. काही पशुखाद्यांतही मोनेन्सिन असतं. कोंबडी ते सहज पचवते, गाय बऱ्यापैकी सोसते. घोड्याला मात्र वजनाच्या किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम मोनेन्सिन जिवावर बेततं. ३२० किलोच्या घोड्याला हे साडेसहाशे ते साडेनऊशे मिलिग्रॅम झालं, चमचाभरसुद्धा नाही. नीट मिसळलेल्या खाद्यात ते पसरलेलं असतं, पण यंत्रात साचलेला प्रीमिक्स, म्हणजे औषधाचं घट्ट मिश्रण, एका खेपेच्या पहिल्या गोणीत उतरला तर सगळा हिशेब फिरतो. घोडा दाणा सोडतो, घाम फुटतो, मागचे पाय लटपटतात, हृदयाचा स्नायू खराब होतो. यावर उतारा नाही. त्यातून वाचलेला घोडाही पुढे कामावर कोसळू शकतो. म्हणून ‘एक मूठ गाईची पेंड घातली तर काय होतंय’ याला उत्तर एकच: घालू नका. कोंबडीखाद्याचं पोतं तर चंदीच्या खोलीत ठेवायचंसुद्धा नाही. स्थानिक मिलवाला सरळ उत्तर देत नसेल, तर स्वस्त असली तरी ती गोणी तिथेच राहू द्या. घोड्याचं खाद्य वेगळ्या लाइनवर बनवणारा हे स्वतःहून सांगतो, कारण त्याचा तोच विकायचा मुद्दा असतो.

आता जुन्या चंदीकडे. हरभरा, जव आणि गव्हाचा कोंडा हे त्रिकूट उगाच टिकलेलं नाही. हरभऱ्यात २० टक्क्यांच्या जवळपास प्रथिनं, जवात ताकद, आणि कोंडा घोडा आवडीने खातो. कुळीथ उकडून देण्याचीही जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे, फक्त नीट शिजला पाहिजे. हरभरा ६ ते ८ तास भिजवायचा. भिजून तो साधारण दुप्पट होतो, म्हणून मोजायचा तो कोरडाच. ३२० किलोच्या घोड्याला दिवसाला अर्धा किलो कोरडा हरभरा पुष्कळ झाला. एप्रिल-मेमध्ये रात्रभर भिजलेला हरभरा सकाळी आंबूस वास मारत असेल तर तो फेकायचा, पाण्याने धुऊन घालायचा नाही. जव अख्खा दिला तर लिदीत तसाच दिसतो. भरडून द्यावा, पण पीठ करू नये. आणि भरडा आठ-दहा दिवसांत संपेल एवढाच करावा, कारण फुटलेला दाणा लवकर खवट होतो.

चंदीची खरी कमजोरी कोंड्यात आहे. एक किलो कोंड्यात फॉस्फरस ११ ग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम सव्वा-दीड ग्रॅम. घोड्याला लागतं उलट: कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट. कोंडा रोज किलोभर जात राहिला की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं. तोंडाची हाडं सच्छिद्र होऊन फुगतात, दात हलतात, घोडा कधी या पायावर तर कधी त्या पायावर लंगडतो. नालबंद नालाला दोष देतो आणि मालक नालबंदाला. हिशेबाने यातून बाहेर पडता येतं. किलोभर कोंड्याला जवळपास १५ ग्रॅम कॅल्शियम कमी पडतं. ते ४० ग्रॅम खाण्याच्या दर्जाच्या चुनखडी पुडीतून, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटमधून, मिळतं. नाहीतर सवा किलो वाळलेल्या लसूणघासातून. हिरव्या लसूणघासात पाणीच चार पंचमांश, तेव्हा तो सहा किलो लागेल. त्याहून सोपं म्हणजे कोंडा दोन मुठींवर आणायचा.

पेलेट इथे बाजी मारते. कॅल्शियम, फॉस्फरस, तांबं, जस्त, अ आणि ई जीवनसत्त्व आधीच मोजून घातलेलं असतं. पण लोक तिचाही फायदा घालवतात. गोणीतली खनिजं पूर्ण माप दिलं तरच पुरतात. तक्त्यात तुमच्या घोड्याच्या वजनाला २ किलो येत असेल आणि तुम्ही १ किलो पेलेट, अर्धा किलो हरभरा, अर्धा किलो कोंडा अशी भेळ केलीत, तर पेलेटचे पैसे गेले आणि कॅल्शियमची घडी पुन्हा विस्कटली. दोन्हींपैकी एक रस्ता धरा. एकतर पूर्ण पेलेट द्या, हरभरा चवीपुरता. नाहीतर पूर्ण चंदी, आणि तिच्यावर घोड्यासाठीचं खनिज मिश्रण. पेलेट कमी लागणाऱ्या, सहज अंगावर घेणाऱ्या घोड्यासाठी बॅलन्सर नावाचा तिसरा प्रकार असतो. ३०० ते ४०० ग्रॅममध्ये दिवसभराची खनिजं, पिष्ट नगण्य. तो दुकानात क्वचित दिसतो, मागवावा लागतो, आणि किलोचा भाव ऐकून लोक मागे फिरतात. किलोचा भाव बघूच नये. एका दिवसाला किती रुपये पडतात ते बघावं. मग तो साध्या गोणीच्या बरोबरीने किंवा खालीही येतो. लग्नसराई नसताना महिनोन् महिने उभ्या असणाऱ्या वरातीच्या घोडीला हाच योग्य.

गोड मिश्रण, म्हणजे मळीत घोळवलेले ओट, मका आणि पेलेटचे तुकडे, दिसायला झकास असतं आणि घोडाही लगेच खातो. आमच्या मते आपल्या हवेत ते टाळावं. पावसाळ्यात ते चिकटतं, आंबतं, माशा येतात. निवडक घोडा मका खाऊन खनिजांच्या गोळ्या तळाशी सोडतो. बीट पल्प, म्हणजे साखर काढून उरलेला बीटाचा चोथा, चांगला आहे, तंतू पोटाला मानवतात. पण तो भरपूर पाण्यात तासन् तास भिजवल्याशिवाय देऊ नये, आणि मिळण्याची खात्री नाही. मक्याबद्दल एवढंच, की पावसात भिजलेला किंवा गुलाबी-पांढरी बुरशी धरलेला मका गुरांना चालेल म्हणून घोड्याला घालू नये. त्या बुरशीच्या विषाने घोड्याचा मेंदू गळतो आणि तिथून परत येणं नाही.

गोणी घरी आली की पाच मिनिटं काढा. शिवण मूळची आहे ना, उत्पादनाची तारीख आणि बॅच नंबर आहे ना. मूठभर पेलेट कोमट पाण्यात टाका. १०-१५ मिनिटांत ती सारखी विरघळून लगदा झाली पाहिजे. तासाभराने आत खडा राहत असेल तर ती कोरडी देऊ नका, कारण अधाशी घोडा गिळतो आणि अन्ननलिकेत बोळा अडकतो. मान ताणून, नाकातून हिरवट फेस यायला लागला की चंदी-पाणी दोन्ही काढून घ्यायचं, घोड्याचं डोकं खाली राहू द्यायचं आणि डॉक्टरला बोलवायचं. घशात तेल ओतणं हा जुना उपाय फुफ्फुसात तेल घालतो. अधाशी घोड्याच्या घमेल्यात मुठीएवढे दोन-तीन गुळगुळीत धोंडे ठेवले की त्याला धोंडे सारत खावं लागतं. तळाला भुकटी किती आहे तेही चाळून बघा. गोणीमागे किलोभर निघत असेल तर दुकानदाराला दाखवा आणि पुढची गोणी दुसऱ्या बॅचची मागा.

हे सगळं वैरणीनंतरचं. घोड्याला रोज वजनाच्या किमान दीड टक्का कोरडा चारा हवाच, एकूण खाणं २ ते अडीच टक्के. ३२० किलोच्या, रोज मध्यम काम करणाऱ्या घोड्यासाठी चालणारी मांडणी अशी: पाच किलो वाळलेलं गवत, त्यात हरळी, मारवेल किंवा ओटचा वाळवलेला चारा असेल तर उत्तम, हिरवा लसूणघास चार-पाच किलो, पेलेट दीड किलो, तीन वेळांत, खडे मीठ पुडी करून ३० ग्रॅम, उन्हाळ्यात घाम गळत असेल तर ५०, आणि दिवसाला ३० लिटरच्या पुढे स्वच्छ पाणी. नुसता कडबा पोट भरतो, पण त्यात प्रथिनं ४ टक्क्यांच्या आसपास आणि अ जीवनसत्त्व जवळपास नाही. त्याच्या जोडीला लसूणघास हवाच. कुट्टी फार बारीक करू नका, इंचापेक्षा लहान तुकडे घोडा न चावता गिळतो आणि आतड्यात गोळा बसतो. कोवळी हिरवी ज्वारी आणि ज्वारीचा फुटवा पूर्ण बंद. सायनाइडचा धोका तर आहेच, शिवाय ती रोज खाणाऱ्या घोड्याचे मागचे पाय लुळे पडून लघवी ठिबकायला लागते.

पश्चिम महाराष्ट्रात स्वस्त आणि मुबलक म्हणून हायब्रीड नेपियर आणि उसाचं वाढं घोड्यापुढे पडतं. दोन्हींत ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही. त्यावर कोंड्याची चंदी म्हणजे दुहेरी मार. नेपियर एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवावं आणि सोबत लसूणघास कायम असावा. पण लसूणघास कापून ढीग मारलेला, आतून गरम झालेला असेल तर तो टाकून द्या. कापल्यावर काही तास पसरून सुकू द्यावा, मग घालावा.

अलिबाग-काशीदच्या किनाऱ्यावर फेऱ्या मारणाऱ्या घोड्यांना वैरण वाळूवर टाकू नये, घमेल्यात किंवा जाळीत द्यावी. पोटात वाळू जाते का हे बघायचं तर लिदीचे पाच-सहा गोळे पारदर्शक बरणीत पाण्यात विरघळवा आणि बरणी पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी चमचाभर वाळू बसली तर खाण्याची जागा आजच बदला.

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराआधी घोडा चमकावा म्हणून दूध, अंडी, तूप, बदाम चालू होतात. मोठ्या घोड्याला दुधातली साखर फारशी पचत नाही. अंगावर मांस आणि चमक हवी असेल तर साधं सोयाबीन तेल पुरतं. ५० मिलीपासून सुरुवात, दोन आठवड्यांत २०० मिलीपर्यंत, आणि दर १०० मिलीमागे ई जीवनसत्त्व १०० युनिट जास्त. ‘पॉवर’च्या बाटल्या आणि पुड्या एकावर एक देऊ नका, त्यातलं सेलेनियम थोडं वाढलं तरी विष होतं. फ्लोरिडात २००९ मध्ये चुकीच्या प्रमाणात बनलेल्या अशाच एका पूरक औषधाने पोलोचे २१ घोडे एका फटक्यात मेले होते.

चंदीवरून पेलेटवर जाताना घाई नको. पहिले तीन दिवस पाव हिस्सा नवा, पुढचे तीन दिवस निम्मा, मग पाऊण, दहाव्या दिवशी पूर्ण. लीद पातळ झाली किंवा आंबट वास आला तर एक पायरी मागे या. कामाच्या आधी तासभर दाणा नाही, पण मूठ-दोन मूठ लसूणघास द्यावा, रिकाम्या जठरात आम्ल उसळत नाही. काम झाल्यावर घोडा थंड होऊ द्या, थोडी वैरण, मग चंदी. सुट्टीच्या दिवशी चंदी निम्मी. ही निम्मी न केल्यामुळे सोमवारी पुठ्ठे लाकडासारखे कडक होऊन लघवी कॉफीच्या रंगाची होते. अशा घोड्याला चालवत घरी आणायचं नाही; जिथे आहे तिथे उभा करून डॉक्टर.

पावसाळ्यात गोणी जमिनीवर टेकवू नका आणि भिंतीलाही लावू नका. लाकडी फळीवर, वीतभर उंच, आणि उघडली की झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात. माथेरानला मोटार चालत नाही. दस्तुरीपासून गोणी वर येईपर्यंत पावसाच्या चार सरी तिच्यावर पडतात. तिथे जून ते सप्टेंबर दोन आठवड्यांपुरताच माल आणावा आणि गोणीवर प्लॅस्टिकचं दुसरं पोतं चढवून मगच घोड्यावर लादावी. पिंपात नवी गोणी ओतण्याआधी तळ झाडून कोरडा करावा, कारण बुरशी नव्या मालाला तिथूनच लागते. पेलेट हातात दाबली आणि बोटांचा ठसा उमटला तर ती गोणी परत.